लाकडी पायाचा मास्तर

ब्राझीलमध्ये मूल चालायला लागलं की घरातली माणसं त्याच्यापुढं चेंडू टाकतात आणि आता हा काय करामत करतो ते बघत बसतात, असं आपण इतक्या दुरून धरून चालतो. करामत न जमणारी मुलंही त्या देशात जन्मत असणारच. त्यांचं पुढं काय होतं, याची चौकशी मात्र कोणी करत नाही. त्यांच्यातल्या एकाची चौकशी मी बरीच वर्षं चालवली आहे.

लुईझ फेलिपे स्कोलारी. जन्म ९ नोव्हेंबर १९४८, गाव पासो फुंदो, राज्य रिओ ग्रांजी दो सुल. नकाशात हे राज्य अगदी तळाशी, उरुग्वे आणि अर्जेंटिनाला टेकलेलं सापडतं. इथं हिवाळ्यात खरोखरची थंडी पडते. डोंगराळ भागात इटलीहून आलेल्या शेतकऱ्यांनी द्राक्षमळे लावले, चर्च बांधली. लोक दिवसभर धातूच्या नळीनं माते नावाचा कडूजहर काढा पीत असतात. समुद्रकिनारा, सांबा आणि उघड्या अंगानं खेळणारी पोरं हे जे ब्राझीलचं चित्र कॅलेंडरांनी आपल्या डोक्यात बसवलं आहे, त्यात हे राज्य कुठंच नसतं. स्कोलारीचं घराणंही मूळचं इटलीचंच. वडील बेंजामिन फुटबॉल खेळायचे, तेही बचावफळीत. त्यामुळं गोल मारण्याची फूस मुलाला घरातून मिळण्याची शक्यता पहिल्यापासूनच कमी होती.

मुलगाही बचावातच उभा राहिला. आयमोरे, काशियास अशा दक्षिणेतल्या क्लबांकडून तो वर्षानुवर्षं खेळला. त्याच्या खेळाची जी वर्णनं वाचायला मिळतात, ती सगळी सभ्य भाषेत एकच गोष्ट सांगतात : माणूस दणकट होता, जिद्दी होता, सहकाऱ्यांना सांभाळून घ्यायचा. पायांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जे बोलले त्यांनी ‘पेर्ना जी पाउ’, म्हणजे लाकडी पाय, असं नाव ठेवलं. ज्याला चेंडू वळत नाही अशा कोणालाही ब्राझीलमध्ये हेच म्हणतात. तेव्हा त्यात वैयक्तिक अपमान असा काही नव्हता. ते फक्त खरं होतं.

गल्लीत फुटबॉल खेळलेल्या माणसाला बचावपटू कसा तयार होतो हे सांगावं लागत नाही. दोन कप्तान आळीपाळीनं एकेक गडी मागून घेतात आणि शेवटी जो उरतो त्याला ‘तू मागं थांब’ म्हणून सांगतात. मीही असाच मागं थांबलेला. मागं थांबण्याचा एक फायदा असतो, तो पुढं धावणाऱ्यांना आयुष्यभर मिळत नाही. सगळं मैदान दिसतं. कोण दमलाय, कोण उगाच हात वर करून चेंडू मागतोय, कोणाला बोललं तर चेव येतो आणि कोणाला बोललं तर तो रुसून कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, हे मागच्याला तोंडपाठ होतं. काम म्हणाल तर लग्नात कोठीघर सांभाळणाऱ्या काकांचं. साखर पुरली तर काकांचं नाव कोणी काढत नाही. संपली की अख्ख्या मांडवाला ते आडनावासकट आठवतं. बचावपटूच्या आयुष्यातला उत्तम दिवस म्हणजे ज्या दिवशी काहीच घडलं नाही, तो.

आणि ब्राझीलची आठवण या बाबतीत फार तेज. १९५० च्या विश्वचषकात माराकानावर उरुग्वेनं त्यांना २-१ असं हरवलं. तेव्हा गोलमध्ये उभा असलेला बार्बोसा २००० साली वारला, तोवर देश त्याला तो दुसरा गोल ऐकवत राहिला. ब्राझीलचा गोल कोणी केला होता, हे आज दहा जणांना विचारून पाहा.

स्कोलारीनं खेळता खेळता शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि शाळेत मास्तरकीही केली. त्या दिवसांतली एक गोष्ट ब्राझीलमध्ये आवडीनं सांगतात. शाळांच्या सामन्यात समोरच्या संघातला एक पोरगा मास्तरांच्या नजरेत भरला. नाव आदेनोर. काशियास क्लबाकडं त्याची शिफारस करताना मास्तरांची गफलत झाली आणि त्यांनी दुसऱ्याच एका पोराचं टोपणनाव सांगितलं : तीते. ते चिकटलं ते कायमचं. हाच तीते पुढं २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकात ब्राझीलचा प्रशिक्षक होता. पीटीच्या मास्तरांनी पोरांच्या नावांची अदलाबदल करणं आपल्याला नवं नाही. फक्त आपल्याकडं त्यातून छडी भलत्याला बसते, राष्ट्रीय संघ मिळत नाही.

खेळाडू म्हणून त्याचा शेवटचा मुक्काम ईशान्येकडच्या मासेयो शहरात, सी.एस.ए. या क्लबात झाला. १९८१ साली तिथं अलागोआस राज्याची स्पर्धा जिंकली आणि त्यानं बूट काढले. दुसऱ्या वर्षी त्याच क्लबानं त्याला प्रशिक्षक नेमलं. क्लबाचा हिशेब काय असेल ते असो. मला वाटतं, हा बोलतो चांगलं आणि मैदानावर नसला तर संघाचं फारसं अडत नाही, हे कोणाच्या तरी लक्षात आलं असावं.

पुढची काही वर्षं नुसती वळकटी बांधण्या-सोडण्यात गेली. सौदी अरेबिया झालं, कुवेत झालं. कुवेतच्या राष्ट्रीय संघाला त्यानं १९९० चा गल्फ कप जिंकून दिला. मधूनमधून ब्राझीलचे लहानमोठे क्लब होतेच. तिकडं प्रशिक्षकाची नोकरी म्हणजे काय, हे एकदा समजून घेतलं पाहिजे. चार सामने हरले की अध्यक्ष नवा माणूस आणतात, आणि तो नवा माणूस बहुतेक वेळा शेजारच्या क्लबानं चार सामने हरल्यावर काढलेला असतो. खेळाडू या माणसाला ‘प्रोफेसर’ अशी हाक मारतात. खऱ्या प्रोफेसराला मिळणारी नोकरीची शाश्वती तेवढी यात नसते.

मग १९९१. सांता कातारिना राज्यातला क्रिसियुमा नावाचा क्लब, गाव कोळशाच्या खाणींचं. त्याला घेऊन स्कोलारी ब्राझील कपच्या अंतिम फेरीत पोचला. समोर ग्रेमिओ, म्हणजे पोर्तो आलेग्रीचा बलाढ्य क्लब, ज्याला त्यानं स्वतः १९८७ मध्ये शिकवलं होतं. पहिला सामना त्यांच्या मैदानावर, १-१. दुसरा आपल्या मैदानावर, ०-०. परक्या मैदानावरच्या त्या एका गोलाच्या जोरावर कप खाणकामगारांच्या गावात राहिला. घरच्या प्रेक्षकांपुढं अंतिम सामना खेळायचा, नव्वद मिनिटं काहीही घडू द्यायचं नाही आणि संध्याकाळी वरात काढायची, ही कल्पना सुचायला आधी दहाबारा वर्षं मागं थांबलेलं असावं लागतं.

ग्रेमिओनं राग न धरता त्याला परत बोलावलं. १९९४ ला ब्राझील कप, १९९५ ला दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा कोपा लिबेर्तादोरेस, १९९६ ला राष्ट्रीय विजेतेपद. खेळाची पद्धत समजायला फार अभ्यास लागत नसे. उजवीकडून पॅराग्वेचा आर्से चेंडू उचलून टाकायचा आणि झार्देल तो डोक्यानं आत ढकलायचा. मागं सगळे दात-ओठ खाऊन उभे. रिओ आणि साओ पाउलोकडच्या जाणकारांनी नाकं मुरडली : हे आपलं फुटबॉल नव्हे, यात सौंदर्य नाही, हे लोक लाथा फार मारतात. लाथांचा आरोप अगदीच निराधार नव्हता. पण मला मौज वाटते ती अशी, की ज्या माणसाला वर्षानुवर्षं लाकडी पाय म्हणून हिणवलं, त्यानं पायांचं सौंदर्य जपावं अशी अपेक्षा हे जाणकार कुठल्या तोंडानं करत होते? पुढं पाल्मेइरास क्लबालाही त्यानं १९९९ साली लिबेर्तादोरेस मिळवून दिला. नाकं तशीच मुरडलेली राहिली.

२००१ च्या मध्यावर राष्ट्रीय संघानंच त्याला हाक मारली, कारण घरात आग लागलेली होती. विश्वचषकाला पात्र ठरतो की नाही, अशी ब्राझीलची अवस्था. हा आला आणि पहिलाच सामना उरुग्वेकडून हरला. महिन्याभरात कोपा अमेरिकामध्ये होंडुरासनं २-० असं घरी पाठवलं. त्या जुलैत स्कोलारीच्या शहाणपणाबद्दल ब्राझीलमध्ये एकमत होतं. शेवटच्या सामन्यात व्हेनेझुएलाला हरवून कसाबसा प्रवेश मिळाला, तेव्हा देशानं पुढची मागणी केली : रोमारिओला घ्या. १९९४ चा नायक, छत्तिशीतही गोल मारणारा, देशाचा लाडका. रोमारिओ पत्रकारांपुढं रडला. रस्त्यात, टीव्हीवर, जिथं पाहावं तिथं तीच मागणी. स्कोलारीनं नाही म्हटलं आणि दोन शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याच्या रोनाल्डोवर मात्र विश्वास टाकला. पीटीच्या मास्तरानं एकदा एखाद्याला रांगेबाहेर उभं केलं की मुख्याध्यापकांची चिठ्ठीही चालत नाही.

रांगेतल्यांचं त्यानं कुटुंब केलं. त्याला वर्तमानपत्रांनी नाव दिलं ‘फामिलिया स्कोलारी’. या कुटुंबप्रमुखानं सुन त्झू या प्राचीन चिनी सेनानीचे युद्धनीतीवरचे उतारे खेळाडूंच्या खोल्यांत दारांखालून सरकवले म्हणतात. ते किती जणांनी वाचले याची नोंद नाही. स्पर्धेच्या तोंडावर कप्तान एमर्सन सरावात गंमत म्हणून गोलकीपर होऊन उभा राहिला, झेप घेताना खांदा निखळला आणि विश्वचषक तिथंच संपला. कप्तानपद काफूकडं गेलं. पुढच्या माणसानं मागं येऊन गंमत करू नये, हा धडा स्कोलारीला वेगळा शिकवावा लागला नसेल.

आणि मागं त्यानं काय मांडणी केली? लुसियो, एदमिल्सन, रोके ज्युनिअर : मध्यभागी एक सोडून तीन बचावपटू. ब्राझीलच्या संघात! कडेनं काफू आणि रोबेर्तो कार्लोस, हेही कागदोपत्री बचावपटूच. अर्ध्याहून जास्त ब्राझील गोल वाचवायला उभा होता आणि जगाला मात्र वाटत होतं की आपण रोनाल्डो, रिव्हाल्डो आणि रोनाल्डिन्योची जादू बघतोय. जादू होतीच, नाही कोण म्हणतो. पण ती तिघं मागं वळून न बघता पळू शकली, कारण मागं बघायला पाच जण ठेवले होते. सात सामने, सातही जिंकले. १८ गोल केले, ४ खाल्ले. ३० जून २००२, रविवार. आपल्याकडं दुपारचे साडेचार, जपानात योकोहामाला रात्र. जर्मनीवर २-०. दोन्ही गोल त्या गुडघेवाल्याचे. त्याच्या कपाळावर ठेवलेल्या केसांच्या त्रिकोणाबद्दल जेवढं लिहिलं गेलं, तेवढं त्या पाच जणांबद्दल लिहिलं गेलं नाही. कोठीघराचा नियम.

त्यातले दोघे पुढं आपल्याकडं आले, हे सांगायलाच हवं. २०१५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये रोबेर्तो कार्लोस दिल्लीच्या संघाचा प्रशिक्षक होता आणि लुसियो एफसी गोवाच्या बचावात. तोच लुसियो, ज्याच्या पायातून चेंडू निसटल्यामुळं त्या विश्वचषकात इंग्लंडच्या ओवेनला गोल मिळाला होता. ज्या मडगावात फुटबॉलवरचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तिथल्या फातोर्डा स्टेडियमच्या प्रेक्षकांना विश्वविजेता माणूस आपल्या बाजूनं चेंडू बाहेर भिरकावताना पाहायला मिळाला. उपान्त्य फेरीत दिल्लीनं पहिला सामना १-० असा घेतला आणि फातोर्डाला गोव्यानं ३-० असा परत केला. गोव्याचा प्रशिक्षक होता झिको, जो आयुष्यात कधी मागं थांबलेला नव्हता.

विश्वचषकानंतर स्कोलारी पोर्तुगालला गेला. २००४ ची युरो स्पर्धा त्यांच्याच घरी होती. यानं लोकांना आवाहन केलं, खिडक्यांत झेंडे लावा. लोकांनी असे लावले की गावंच्या गावं लाल-हिरवी झाली. घाईत मागवलेल्या त्या झेंड्यांपैकी काही चीनमध्ये शिवलेले निघाले आणि पोर्तुगालच्या राजचिन्हातल्या किल्ल्यांच्या जागी त्यावर पॅगोडे होते. तरी ते तसेच फडकले. पहिला सामना ग्रीसकडून हरले, अंतिम सामनाही ग्रीसकडूनच, ०-१. ग्रीस त्या स्पर्धेत कसं खेळलं? मागं गर्दी करून, काही घडू न देता, आणि एकदाच कोपऱ्यावरून चेंडू उचलून डोक्यानं. म्हणजे स्कोलारीला त्या रात्री क्रिसियुमानं हरवलं, असं मला आजही वाटतं.

इंग्लंडचं आणि त्याचं एक वेगळंच नातं जमलं. २००२, २००४, २००६ : तीन स्पर्धांच्या उपान्त्यपूर्व फेरीत यानं इंग्लंडला तीनदा घरी पाठवलं. इंग्रजांना वाटलं, याला आपल्याकडंच ठेवलेलं बरं. २००६ च्या वसंतात तशी बोलणी सुरू झाली आणि यानं नाही म्हटलं. कारण दिलं, की दाराबाहेर वीस पत्रकार उभे आहेत आणि हे माझं आयुष्य नव्हे. नंतर २००८ मध्ये चेल्सीला गेलाच, पण सात महिन्यांत परत फिरला. तिथून थेट उझबेकिस्तान. बुन्योदकोर नावाच्या क्लबात, रिव्हाल्डोसकट.

लाकडी पाय काळाच्या ओघात मऊ झाला असेल, पण हात झाला नव्हता. सप्टेंबर २००७, लिस्बन, सर्बियाविरुद्ध १-१. शिट्टी वाजल्यावर मैदानात रेटारेटी झाली आणि पोर्तुगालच्या प्रशिक्षकानं, वय ५८, सर्बियाच्या द्रागुतिनोविचवर हात चालवला. लागला किती हा प्रश्न निराळा. त्याचं म्हणणं होतं की मी आपल्या क्वारेस्माला वाचवत होतो. चौकशी करणाऱ्यांना हे पटलं नाही आणि बंदी बसली. मला मात्र ते शंभर टक्के पटतं. आपला पोरगा आणि परका माणूस यांच्यामध्ये जाऊन उभं राहायचं, एवढंच तर तो माणूस जन्मभर शिकला होता.

आता जे टाळता आलं असतं तर टाळलं असतं, ते.

२०१२ मध्ये त्यानं पाल्मेइरासला पुन्हा ब्राझील कप दिला आणि त्याच वर्षी पाल्मेइरास लीगमध्ये इतकं घसरलं की सप्टेंबरात त्याला जावं लागलं; क्लब पुढं खालच्या श्रेणीत गेला. नोव्हेंबरात देशानं त्यालाच पुन्हा राष्ट्रीय संघ दिला. २०१३ चा कॉन्फेडरेशन्स कप जिंकला, अंतिम फेरीत जगज्जेत्या स्पेनला ३-० असं. मग आपल्याच घरचा विश्वचषक. ८ जुलै २०१४, बेलो ओरिझोंचे, समोर जर्मनी. पाठीचा मणका दुखावलेला नेमार नव्हता आणि कार्डांच्या हिशेबात बचावाचा कप्तान चियागो सिल्वाही नव्हता. देश नेमारसाठी रडत होता. त्याच्या नावाची जर्सी राष्ट्रगीताच्या वेळी हातात धरली गेली. चियागो सिल्वाची जर्सी कोणी धरली नाही. तेविसाव्या मिनिटापासून एकोणतिसाव्यापर्यंत चार गोल झाले. आपल्याकडं रात्रीचे दोन वाजत आले होते, आणि जे पाणी प्यायला उठले त्यांना परत आल्यावर घरच्यांचं बोलणं खोटं वाटलं. शेवटी ७-१. सबंध २००२ मध्ये सात सामन्यांत मिळून याच्या संघानं चार गोल खाल्ले होते.

सामन्यानंतर त्यानं दोष स्वतःकडं घेतला. संघ मी निवडला, डावपेच माझे, असं सरळ सांगितलं. इथवर सगळं उदात्त होतं. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत त्याचे सहकारी कार्लोस आल्बेर्तो पारेरा यांनी एका चाहतीचं कौतुकपर पत्र वाचून दाखवलं. स्कोलारी साहेबांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या बाईंचं. सात गोल खाल्ल्यावर अख्ख्या देशापुढं शाबासकीचं पत्र वाचणं, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांच्या धैर्याला तोड नाही. ब्राझीलनं आधी सात गोलांवर आणि मग त्या पत्रावर विनोद केले. आजही तिकडं बस चुकली, दूध उतू गेलं, सरकारनं नवा कर लावला की लोक म्हणतात, रोज एक नवं ७-१. मागच्या माणसाचं काम पहिल्यांदाच इतकं सर्वतोमुखी झालं.

एखादा असता तर घरी बसला असता. हा चीनला गेला. ग्वांगझूच्या संघाला २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन विजेतेपदं दिली, वर आशियाई चॅम्पियन्स लीग. त्या अंतिम फेरीचे निकाल मी मुद्दाम पाहिले : ०-० आणि १-०. बरं वाटलं. २०१८ मध्ये पाल्मेइरासनं तिसऱ्यांदा बोलावलं आणि यानं त्यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. २०२२ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी आत्लेतिको परानाएन्सेला लिबेर्तादोरेसच्या अंतिम फेरीत नेलं, तिथं फ्लामेंगोकडून ०-१. मग मात्र त्यानं जाहीर केलं की बस, आता प्रशिक्षकपद नको, यापुढं कचेरीतलं काम बघणार.

कचेरीतलं काम त्यानं पुढल्या जूनपर्यंत बघितलं. मग आत्लेतिको मिनेइरोनं हाक मारली आणि हा पुन्हा शिट्टी घेऊन मैदानात. मार्च २०२४ मध्ये त्यांनी काढलं. एप्रिल २०२५ मध्ये ग्रेमिओनं त्याला परत नेलं. छापील पद होतं तांत्रिक समन्वयक, म्हणजे पुन्हा कचेरी. समन्वयकानं सरावाच्या वेळी कुठं उभं राहावं याचे नियम असतील तर असोत. पण बचावातला एखादा पोरगा आपल्याच गोलपुढं टाचेनं चेंडू खेळवायला गेला असेल, तर हे समन्वयक खुर्चीत बसून राहिले असतील यावर मी दमडी लावणार नाही.